ल्युसी स्टोन एवढी मोठी होती, तर गेली कुठे?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की दिवाळी अंकासाठी ल्युसी स्टोनवर, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या वक्ता-संपादक बाईंवर, दोन हजार शब्दांचा लेख द्यायचाय. हाताशी आहेत जन्ममृत्यूच्या तारखा, ‘लग्नानंतर आडनाव न बदललेली पहिली अमेरिकन बाई’ हे एक वाक्य आणि ‘वूमन्स जर्नल’ या साप्ताहिकाचं नाव. बाकी जिथे पाहावं तिथे त्याच चळवळीतल्या सुझन अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन. मग तुमचे दोन प्रश्न: लेख सुरू कुठून करू, आणि बाई एवढी मोठी होती तर गेली कुठे?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. तो सुटला की पहिला फारसा उरत नाही.

मी पंचवीसेक वर्षं चरित्रनोंदी लिहिते, त्याहून जास्त तपासते. या कामात एक सवय लागते: एखाद्या माणसाबद्दल सगळीकडे तीच तीन वाक्यं दिसली, की त्या माणसाकडे न बघता ती तीन वाक्यं मुळात कुणी लिहिली ते शोधायचं. ल्युसी स्टोनच्या बाबतीत हा शोध फार लांब जात नाही. अमेरिकेतल्या स्त्री-मताधिकार चळवळीचा पहिला मोठा इतिहास स्टँटन, अँथनी आणि मॅटिल्डा गेज या तिघींनी लिहिला. पहिला खंड 1881 साली आला, दुसरा 1882 साली. पुढच्या कितीतरी लेखकांनी याच खंडांवर भिस्त ठेवली. आणि स्टँटन-अँथनींचं ल्युसीशी 1869 मध्येच फाटलेलं होतं. तिच्या संघटनेवरचं प्रकरण लिहिलं कुणी? स्टँटनबाईंच्या मुलीनं, हॅरियटनं. ते दुसऱ्या खंडाच्या शेवटी येतं. भाऊबंदकीत एका घराचा इतिहास दुसऱ्या घरानं लिहिला, तर जे व्हायचं ते झालं.

यात ल्युसीचा दोष नाही असं मात्र नाही. माहिती द्या म्हणून त्यांनी तिला लिहिलं होतं. तिनं नकार दिला. आपण रोजनिशी ठेवलेली नाही, तारखा देता येणार नाहीत, आणि चळवळीत आज हयात असलेल्या कुणालाही तिचा इतिहास लिहिता येणार नाही, असा तिचा एकूण सूर. तत्त्व म्हणून ठीकच होतं. व्यवहार म्हणून महाग पडलं. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉल इमारतीत 1921 साली मताधिकाराचं स्मारकशिल्प बसलं, त्यात तीन चेहरे आहेत: ल्युक्रिशिया मॉट, स्टँटन, अँथनी. चौथी नाही.

म्हणजे तुमची अडचण माहिती नसण्याची नाही, साधनं प्रतिपक्षाची असण्याची आहे. आणि बाईनं स्वतःबद्दल लिहिलं नसलं, तरी दर आठवड्याला एक अंक काढला. ते अंक आज हार्वर्डच्या श्लेझिंजर ग्रंथालयानं स्कॅन करून खुले ठेवलेत. तुम्हाला किती वेळ आहे यावर पुढचं ठरेल. महिनाभर असेल तर अंक उघडाच. आठवडाच असेल, तर मुलीनं, ॲलिसनं, 1930 साली प्रसिद्ध केलेलं आईचं चरित्र वाचा, पण मुलीनं लिहिलंय हे लक्षात ठेवून. तिथे आई कधी चुकत नाही.

आता बालपण. मॅसॅच्युसेट्समधलं वेस्ट ब्रुकफिल्ड हे गाव, 13 ऑगस्ट 1818, नऊ भावंडांतली आठवी. ॲलिस सांगते की जन्माच्या आदल्या रात्री आजीनं, म्हणजे ल्युसीच्या आईनं, आठ गायींचं दूध काढलं होतं, आणि मुलगी झाली म्हटल्यावर ती हळहळली: मुलगी का झाली, बाईचं जिणं फार खडतर असतं. ही गोष्ट सगळेच देतात. तुम्हीही द्या, पण ती घरात सांगितली जाणारी आठवण आहे, जन्मनोंद नव्हे, एवढा धागा वाक्यात राहू द्या. मला स्वतःला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नवरा तुझ्यावर सत्ता चालवील हे बायबलातलं वाक्य पोरवयात वाचून तिनं काय ठरवलं? ग्रीक आणि हिब्रू शिकायचं, आणि भाषांतर बरोबर आहे का ते स्वतः तपासायचं. चिडून पुस्तक मिटणारे पुष्कळ असतात. मूळ प्रत मागणारी मुलगी पुढे संपादक झाली यात मला तरी नवल वाटत नाही.

वडिलांनी मुलांच्या कॉलेजला पैसे दिले, हिला नाही. सोळाव्या वर्षापासून तिनं शाळामास्तरकी केली, तेच काम करणाऱ्या पुरुषांहून कमी पगारावर, आणि पैसे साठवत पंचविसाव्या वर्षी, 1843 मध्ये, ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात पोचली. तिथे मुलींच्या वसतिगृहात घरकाम करायचं, तासाला तीन सेंट. गुलामगिरीतून सुटून आलेल्या प्रौढांना शिकवायचं. ओबर्लिन त्या काळाच्या मानानं फार पुढारलेलं, कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना प्रवेश देणारं. तरी बायकांनी सभेत बोलायचं नाही. 1847 च्या पदवीदानात तिला निबंध लिहायला सांगितलं, पण वाचणार एक प्राध्यापक. मुली आणि मुलगे एका व्यासपीठावर बसून बायकांनी स्वतः वाचणं शोभत नाही म्हणून. तिनं निबंध लिहिलाच नाही. छत्तीस वर्षांनी, 1883 साली, त्याच संस्थेनं सुवर्णमहोत्सवात तिला भाषणाला बोलावलं. हे दोन प्रसंग लागोपाठ ठेवलेत तर मध्ये तुमचं एकही भाष्य लागणार नाही.

पुढची काही वर्षं व्याख्यानांची. गुलामगिरी निर्मूलनाच्या संस्थेनं तिला वक्ता म्हणून नेमलं. ती स्त्रियांचेही विषय काढते म्हणून कुरबुर झाली. तोडगा असा निघाला: शनिवार संध्याकाळ आणि रविवार गुलामगिरीविरुद्ध, बाकीचे वार स्वतःच्या जबाबदारीवर स्त्रियांच्या हक्कांसाठी. एका हिवाळ्यात कुणी खिडकीची काच काढून रबरी नळीतून गार पाणी तिच्यावर सोडलं. तिनं शाल गुंडाळली आणि भाषण चालू ठेवलं. असल्या गोष्टी खूप मिळतील. एकच घ्या. तीन घेतल्यात की संतचरित्र होतं.

भाषणांपैकी एक मात्र सोडू नका: ऑक्टोबर 1855, सिनसिनाटी. आधीच्या वक्त्यानं ही चळवळ म्हणजे काही ‘डिसअपॉइंटेड’ बायकांचा उद्योग आहे असं हिणवलं होतं. ती उठून म्हणाली की हो, आठवतंय तेव्हापासून मी तशीच बाई आहे. मग तो शब्द हातात धरून तिनं तो शिक्षण, लग्न, धर्म या एकेकावर लावून दाखवला. इथे मराठीत गंमत होते. एका भाषांतरात मी हा शब्द ‘निराश’ असा वाचलाय. निराश बाई घरात बसते. तिचा मुद्दा उलटा आहे: अपेक्षा होती, ती पुरी होऊ दिली नाही. म्हणून ‘अपेक्षाभंग’. शेवटचं वाक्य मी असं करते: ‘प्रत्येक स्त्रीच्या मनातला हा अपेक्षाभंग इतका खोल करणं हेच माझ्या आयुष्याचं काम राहील, की त्यापुढे मान तुकवणं तिला जमणार नाही.’ तुम्हाला याहून चांगलं सुचलं तर अवश्य बदला. ‘निराशा’ मात्र नको.

आता नाव. मराठी वाचक इथे थांबणार, आणि थांबावंच. आमच्या लग्नात भटजींनी ताम्हनात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात माझं नवीन नाव रेखलं, फोटो निघाला, आणि मग ते तांदूळ कुणीतरी डब्यात ओतले. नाव गेलं ते गेलंच. पदवीवर एक, शिधापत्रिकेवर दुसरं, आणि मधली कित्येक वर्षं दोन्ही मीच हे सांगणारं प्रतिज्ञापत्र पिशवीत. त्यामुळे ल्युसीचा हा निर्णय मी कौतुकानं कमी आणि ओळखीनं जास्त वाचते.

पण तो निर्णय सुटा सांगू नका. 1 मे 1855 ला तिनं हेन्री ब्लॅकवेलशी लग्न केलं, तेव्हा दोघांनी एक निषेधपत्र वाचलं. त्या वेळच्या कायद्यात लग्न होताच बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळायचं: तिच्या शरीराचा ताबा, मुलांचा ताबा, तिची चीजवस्तू, तिच्या कष्टाची कमाई, सगळं त्याचं. या एकेका कलमाला आम्ही मानत नाही, असं ते पत्र सांगतं. लग्न लावणारे धर्मगुरू टॉमस हिगिन्सन यांनी ते छापायला दिलं. नाव न बदलणं हा त्याच पत्राचा पुढचा भाग. तिनं वकिलांना विचारून घेतलं की नवऱ्याचं नाव लावायची सक्ती करणारा कायदा आहे का. नव्हता, फक्त रूढी होती. हेन्रीबद्दलही एक ओळ लिहा. त्याच्या पाचही बहिणी अविवाहित राहिल्या; त्यांतली एलिझाबेथ ब्लॅकवेल ही अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेतलेली पहिली स्त्री, साल 1849. अशा घरात वाढलेल्या माणसाला बायकोनं आपलं नाव ठेवणं अंगावर येत नाही. आणि ‘पहिली’ लिहिताना ‘ज्ञात असलेली पहिली’ लिहा. इतिहासात नाव न उमटलेली एखादी आधी असेल, तर तिच्यावर अन्याय नको.

1857 चा डिसेंबर. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी घर तिच्या नावावर, मुलगी तीन महिन्यांची. घरपट्टीचं बिल आलं. तिनं ते न भरता परत पाठवलं, सोबत चिठ्ठी: बायकांकडून कर घेतला जातो, पण त्यांना प्रतिनिधित्व नाही. जानेवारीत घरातल्या काही वस्तू लिलावात गेल्या. इंग्रजांचा कर नाकारून जो देश उभा राहिला, त्याला त्याचंच वाक्य परत पाठवलं होतं.

आता अवघड भाग. इथे अनेक लेख घसरतात. अमेरिकेतली गुलामगिरी संपवणारं यादवी युद्ध संपलं, आणि प्रश्न आला की कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार देणारी पंधरावी घटनादुरुस्ती स्त्रियांना वगळते, मग तिला पाठिंबा द्यायचा का? स्टँटन आणि अँथनी म्हणाल्या, नाही. ल्युसी म्हणाली, हो. मे 1869 च्या सभेतलं तिचं वाक्य प्रसिद्ध आहे: त्या भयंकर खड्ड्यातून कुणीही बाहेर येऊ शकलं, तरी मी मनापासून आभारी राहीन. त्या वर्षी दोन संघटना झाल्या. अँथनी-स्टँटनची मे महिन्यात न्यूयॉर्कला, ल्युसीची नोव्हेंबरात क्लीव्हलँडला. एकीनं केंद्रात घटनादुरुस्तीचा आग्रह धरला, दुसरीनं एकेका राज्यावर भर दिला.

एवढं वाचून ल्युसीला धुतल्या तांदळासारखी म्हणावंसं वाटतं. थांबा. 1867 साली तिच्याच नवऱ्यानं दक्षिणेतल्या विधिमंडळांना उद्देशून एक पत्रक काढलं. युक्तिवाद असा की गोऱ्या स्त्रियांना मत दिलंत, तर कृष्णवर्णीयांच्या मतांचा तोल साधला जाईल. त्याच वर्षी कॅन्ससमध्ये ‘गोरा’ आणि ‘पुरुष’ हे दोन्ही शब्द मतदाराच्या व्याख्येतून काढायचे की नाही, यावर लोकांचं मत घेतलं गेलं. ल्युसी आणि हेन्री दोघंही वसंतात तिथे प्रचाराला होते. शरद ऋतूत स्टँटन-अँथनी आल्या आणि उघड वंशद्वेषी असलेल्या जॉर्ज ट्रेनला सोबत घेऊन फिरल्या. दोन्ही प्रस्ताव पडले. तेव्हा लेखात एका बाजूला देव्या आणि दुसऱ्या बाजूला राक्षसिणी असं करू नका. 1869 मध्ये ल्युसीनं घेतलेली बाजू मला बरोबर वाटते, आणि हेन्रीचं पत्रक मी नोंदीतून गाळत नाही. एका संपादकांनी एकदा ते गाळायला सांगितलं होतं, जागा नाही म्हणून. जागा नव्हती तर पाणी सोडलेली गोष्ट गाळायची.

आता आपल्या विषयाचा गाभा, म्हणजे संपादक ल्युसी. ‘वूमन्स जर्नल’चा पहिला अंक 8 जानेवारी 1870 चा, बॉस्टनचा. अँथनीबाईंचं ‘द रेव्होल्यूशन’ बरोबर दोन वर्षं आधी, 8 जानेवारीलाच निघालं होतं. तारीख मुद्दाम निवडली का, यात मी शिरत नाही. ‘रेव्होल्यूशन’ जास्त तिखट, जास्त वाचनीय, आणि अडीच वर्षांच्या आत दहा हजार डॉलर कर्जासकट हातातून गेलं. ते कर्ज अँथनीनं पुढे व्याख्यानं देऊन फेडलं, तिचा तो मोठेपणा. ‘जर्नल’ची पहिली संपादक मेरी लिव्हरमोर, 1872 पासून काम ल्युसी आणि हेन्रीकडे आलं, नंतर ॲलिसही आली. 1917 मध्ये ते दुसऱ्या नियतकालिकात विलीन होईपर्यंत चाललं. सत्तेचाळीस वर्षं.

साप्ताहिक चालवणं म्हणजे काय, हे ज्यानं छापखान्याची उधारी पाहिलीय त्यालाच कळतं. ल्युसीच्या पत्रांत हे येतं: जाहिरातींसाठी दुकानामागून दुकान पालथं घालायचं, चिनी मातीच्या भांड्यांची, चित्रांची दुकानं, जिने चढायचे, वर मालक नाही, किंवा आहे पण आत्ता नको, दिवसाअखेर एक सेंट न मिळवता घरी, आणि घरात शेगडी विझत आलेली. पन्नाशी उलटलेली, अमेरिकाभर गाजलेली वक्ती हे करत होती. तुमच्या लेखात मला हा जिना हवाय. नळीचं पाणी नसलं तरी चालेल.

अंकात काय असायचं? राज्याराज्यांतल्या विधेयकांचा पाठपुरावा, कॉलेजात कुठे मुलींना प्रवेश मिळाला, कुठे नाकारला, सभांचे वृत्तांत, पत्रं. आणि 1870 च्या दशकात स्त्रियांवरच्या गुन्ह्यांची एक यादी: नवऱ्यानं मारलेल्या, जाळलेल्या, बलात्कार झालेल्या बायकांच्या बातम्या वर्तमानपत्रांतून वेचून एकत्र छापलेल्या. वर विशेषणं नाहीत. सुट्या बातमीला लोक ‘घटना’ म्हणतात, त्याच बातम्या एका रकान्यात एकाखाली एक आल्या की ती पद्धत दिसते. हे संपादन आहे. याच जोडीनं तिनं आणि हेन्रीनं मॅसॅच्युसेट्समध्ये मारहाण होणाऱ्या बायकांना वेगळं राहता यावं आणि पोटगी मिळावी म्हणून विधेयक नेलं. ते पडलं. पुन्हा नेलं, पुन्हा पडलं.

मराठीचा दुवा हवा असेल तर एकच घ्या, पण तो खरा आहे. पंडिता रमाबाई 1886 ते 1888 अमेरिकेत होत्या, आणि त्यांच्या कामासाठीची रमाबाई असोसिएशन 1887 च्या डिसेंबरात बॉस्टनलाच स्थापन झाली. परतल्यावर 1889 मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ लिहिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या स्थितीवर जे आहे ते लेखाला बसण्याआधी वाचा. तो काळ, ते शहर आणि ते कायदे एका मराठी बाईनं आपल्या शब्दांत कसे मांडले हे दिसेल, आणि तुमची भाषा इंग्रजीच्या ओझ्यातून सुटेल. रमाबाई-ल्युसी भेटीचा रंगीत प्रसंग मात्र रचू नका.

तर सुरुवात. मी असते तर 1879 पासून केली असती. त्या साली मॅसॅच्युसेट्सनं स्त्रियांना फक्त शालेय समितीच्या निवडणुकीत मत दिलं. ल्युसी एकसष्ट वर्षांची. नाव नोंदवायला गेली. अधिकाऱ्यांनी सांगितलं, ‘ब्लॅकवेल’ लावा. तिनं लावलं नाही, नाव यादीतून गेलं, मत देता आलं नाही. बत्तीस वर्षं ज्यासाठी खपली ते टेबलावर आलं होतं, सही तेवढी दुसऱ्याच्या नावानं करायची होती. तिथून मागे गायींच्या गोठ्याकडे जा, मग ओबर्लिन, निषेधपत्र, फूट, आणि मग पुरेसा वेळ साप्ताहिकाच्या कचेरीत. 1890 चं दोन्ही संघटनांचं एकत्रीकरण एका परिच्छेदात आटपेल. त्यात ॲलिसनं बरीच धावपळ केली. मे 1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातलं शेवटचं भाषण, 18 ऑक्टोबरला मृत्यू. दफनाऐवजी दहन, मॅसॅच्युसेट्समधलं ते पहिलं. हे हिंदू वाचकाला विशेष वाटणार नाही; तिथे का विशेष, ते अर्ध्या वाक्यात सांगा.

चित्र विचारलंत. 1968 च्या पन्नास सेंटच्या टपाल तिकिटावर ती आहे. पण जमलं तर बॉस्टनच्या कॉमनवेल्थ ॲव्हेन्यूवरचं 2003 चं शिल्प बघा. तिघींचं आहे, आणि ल्युसी चौथऱ्यावर उभी नाही. चौथऱ्याचंच तिनं टेबल केलंय, त्यावर रेलून लिहितेय.

आणि शेवटचं, अनुभवातून. लेख जाईल, मुद्रितं येतील, आणि कुणीतरी सवयीनं शीर्षकात ‘ल्युसी स्टोन-ब्लॅकवेल’ करून ठेवलेलं असेल. किंवा अनुक्रमणिकेत ‘ब्लॅकवेल, ल्युसी’. माझ्या एका नोंदीत दोन्ही झालं होतं. लेख पाठवतानाच वर ठळक अक्षरात लिहून ठेवा: आडनाव स्टोन. मग मुद्रितात पुन्हा बघा.